इतवारीत दुरुस्त झालेला बाबांचा रेडिओ

नागपूरच्या इतवारीत शहीद चौकातून आत शिरून दोन वळणं घेतली की एका जिन्याखाली हे दुकान लागतं. पाटी नाही. शेजारच्या पानठेल्यावर "रेडिओवाले भाऊ कुठे बसतात?" असं विचारलं तरी पुरतं. मी तिथे बाबांचा व्हॉल्व्हचा, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांचा, सेट दुरुस्तीला दिला होता. सात आठवडे आणि ३,८०० रुपये लागले. सेट वाजतो आहे. ज्यांच्या घरी माळ्यावर असा सेट पडून आहे त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते.

आधी मी दुसऱ्या एका दुकानात गेले होते. तिथल्या मुलाने मागचा पुठ्ठा उघडला आणि म्हणाला, "मॅडम, हे सगळं काढून टाकतो, आत ब्लूटूथचं किट बसवतो. बाहेरून जुनाच दिसेल." मी सेट उचलून रिक्षात ठेवला आणि परत आणला.

भाऊंनी तसलं काही सुचवलं नाही. आधी त्यांनी विचारलं, शेवटचा कधी वाजला?

"डिसेंबर १९८८."

"घरी लाइट देऊन पाहिला का?"

"नाही."

"बरं केलं ताई. याले एकदम लाइट देऊ नोका. हळूहळू उठवा लागते."

त्यामागचं कारण त्यांनी मला बसवून समजावलं, आणि मी विज्ञानाची शिक्षिका असूनही ते मला नीट ठाऊक नव्हतं. इतक्या वर्षांत आतले फिल्टर कंडेन्सर, म्हणजे वीज साठवणारे भाग, सुकतात. सरळ वीज दिली तर ते शॉर्ट होतात आणि ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. म्हणून ते आधी १०० वॉटचा बल्ब सिरीजमध्ये, म्हणजे सेटची वीज त्या बल्बातून जाईल असा, लावतात. बल्ब लख्ख पेटला तर समजायचं की आत कुठेतरी वीज भलतीकडे वाहते आहे. मंद झाला तर पुढे जायचं. आमचा बल्ब लख्ख पेटला.

मग त्यांनी कागदी कंडेन्सर अकरा आणि फिल्टरचे दोन बदलले, आवाजाचा ईएल ८४ व्हॉल्व्ह बदलला, डायलची दोरी नवी ओवली, बँड स्विचचे काळे पडलेले पत्रे एकेक घासले. काढलेला प्रत्येक भाग पिशवीत घालून परत दिला. डायलच्या काचेला मात्र पाणी लावलं नाही, कारण मागून छापलेली अक्षरं पाण्याने निघून जातात. त्या काचेवर लंडन, मॉस्को, पॅरिस, दिल्ली अशी नावं आहेत. मी देवनागरीनंतर इंग्रजी वाचायला शिकले ते त्या काचेवर.

हा सेट घरात कसा आला ते सांगितल्याशिवाय दुरुस्तीचं मोल कळणार नाही. बाबा एम्प्रेस मिलमध्ये कामाला होते. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर ते मला खांद्यावर घेऊन उभे होते. मी तीन वर्षांची होते. त्यानंतर दोन महिनेही झाले नव्हते तोच ६ डिसेंबर आला. बाबासाहेब गेल्याची बातमी बाबांनी एका हॉटेलच्या रेडिओवर ऐकली, तीही रस्त्यावर उभं राहून. आपल्या माणसाची बातमी आपल्या घरात बसून ऐकता आली पाहिजे होती, असं ते पुढे कितीदा तरी म्हणाले. १९६० च्या दिवाळीत मिलमधल्या एका बाबूकडून त्यांनी हा सेट जुना विकत घेतला. पोस्टात जाऊन परवाना काढला. तिकिटं चिकटवलेलं ते परवान्याचं पुस्तक अजून माझ्याकडे आहे.

१२ एप्रिल १९६१ ला गागारिन १०८ मिनिटांत पृथ्वीला फेरी मारून आला, ही या रेडिओवरची मला आठवणारी पहिली मोठी बातमी. पुढे ६२, ६५, ७१ ची युद्धं. ढाक्याच्या शरणागतीच्या संध्याकाळी आमच्या ओट्यावर चाळीस माणसं असतील.

२१ जुलै १९६९ ची सकाळ अजून डोळ्यांसमोर आहे. यान आपल्याकडच्या रात्री पावणेदोनच्या सुमाराला चंद्रावर उतरलं होतं आणि बाबा तेव्हा तिसऱ्या पाळीला होते. सकाळी घरी आले ते केसांत कापसाची फुसं तशीच घेऊन सेटसमोर बसले. व्हॉइस ऑफ अमेरिका खरखरत लागत होतं. मी सोळा वर्षांची, जमेल तसं मराठीत सांगत होते. साडेआठला चार मिनिटं असताना आर्मस्ट्राँगचं पाऊल पडलं. बाबांनी विचारलं, "तिथं त्याले ऐकू येते का आपलं?" मी म्हटलं, ह्यूस्टनचं येतं. बाबा खूप वेळ काही बोलले नाहीत.

पण बाबांसाठी सर्वांत मोठी बातमी ती नव्हती. त्यांच्या चेहऱ्यावर देवीचे वण होते. लहानपणी त्यांना आणि त्यांच्या थोरल्या बहिणीला एकाच आठवड्यात देवी आल्या. बाबा वाचले, आत्या गेली. भारतातला शेवटचा रुग्ण मे १९७५ मधला. जगात नैसर्गिकरीत्या झालेली शेवटची लागण ऑक्टोबर १९७७ ला सोमालियात. आणि मे १९८० मध्ये जिनिव्हाच्या आरोग्य परिषदेत देवी पृथ्वीवरून गेल्याचं जाहीर झालं. ती बातमी याच सेटवर ऐकून बाबांनी आवाज बंद केला, आतल्या खोलीत गेले आणि आत्याचं नाव घेऊन रडले. त्यांना रडताना मी तेवढंच पाहिलं. चंद्रापेक्षा हे मोठं, असं मी पुढे तीस वर्षं वर्गात सांगत आले, आणि आजही तसंच मानते.

चेर्नोबिलचंही इथेच कळलं. २६ एप्रिल १९८६ ला स्फोट झाला, मॉस्कोने चार ओळी सांगितल्या त्या २८ च्या संध्याकाळी, आणि त्याच सकाळी स्वीडनच्या फोर्समार्क अणुकेंद्रात एका कर्मचाऱ्याच्या बुटांमुळे किरणोत्सर्गाचं यंत्र वाजलं होतं. धूळ हजाराहून जास्त किलोमीटर आली होती. सरकार गप्प राहिलं तरी वारा गप्प राहत नाही, हे मी दहावीच्या मुलांना सुट्टीनंतर शाळा उघडल्याबरोबर सांगितलं होतं.

मे १९८८ पासून नागपूरच्याच १,००० किलोवॉटच्या ट्रान्समीटरवरून रात्रीचं राष्ट्रीय प्रसारण सुरू झालं. बाबांना झोप येत नसे, ते लावून पडून राहत. डिसेंबरात ते गेले. आईने सेट माळ्यावर टाकला.

आता तक्रारी. दोन आठवडे सांगून सात लावले. फोन उचलत नाहीत, प्रत्येक वेळी इतवारीच्या गर्दीत जावं लागलं. समोरची जाळीदार कापडी पट्टी फाटली होती, तिथे लावलेलं नवं कापड फारच पिवळं आहे आणि खटकतं. वरचा हिरवा डोळा, म्हणजे स्टेशन नीट लागलं की नाही ते दाखवणारा व्हॉल्व्ह, मंदच आहे. तो व्हॉल्व्ह मिळत नाही, हे मात्र त्यांनी आधीच स्पष्ट सांगितलं होतं. पावती हाताने लिहिलेली मिळते, हमी तीन महिन्यांची.

भाऊंनी सेट माझ्यासमोर चालू केला. व्हॉल्व्ह तापायला अर्धं मिनिट लागतं. तार लाल होते, तिच्या उष्णतेने तिच्याभोवतीच्या नळीतून इलेक्ट्रॉन सुटतात, मग आवाज येतो. डिसेंबर १९४७ मध्ये बेल लॅबमध्ये ट्रान्झिस्टर तयार झाला आणि ही वाट पाहणंच संपलं. त्याच्या तीन शास्त्रज्ञांना १९५६ चं नोबेल मिळालं. हे मी कितीदा फळ्यावर लिहिलं आहे. पण इथे ते अर्धं मिनिट मी श्वास रोखून उभी होते. आधी घरघर, मग मीडियम वेव्हवर आकाशवाणी. आवाज तसाच, जाड आणि उबदार. त्यासाठी ३,८०० रुपये मला जास्त वाटले नाहीत.

लघुलहरींवर (शॉर्ट वेव्हवर) फार काही मिळणार नाही, हेही भाऊंनी पैसे घेण्याआधी सांगितलं. बीबीसी हिंदीचं त्या लहरींवरचं प्रसारण ३१ जानेवारी २०२० ला थांबलं. मी रात्री काटा लंडनवरून मॉस्कोकडे सरकवते तेव्हा बहुतेक खरखर येते, मधेच एखादं चिनी स्टेशन अगदी स्वच्छ लागतं. मी ते थोडा वेळ ऐकते.

जाणाऱ्यांनी सकाळी अकरानंतर जावं. सेट आडवा करून नेऊ नका. आणि मागचा पुठ्ठा फेकू नका, त्याच्या आतल्या बाजूला कोणता व्हॉल्व्ह कुठे बसतो याचा नकाशा चिकटवलेला असतो. आमचा होता म्हणून भाऊंचे दोन दिवस वाचले.