प्रोटॉन व्हीपीएनचं पोर्ट फॉरवर्डिंग: काम चोख, पण पोर्ट एका जागी टिकत नाही

राउटरमध्ये पोर्ट (बाहेरून येणाऱ्या जोडणीचं दार) उघडला, यूपीएनपीही (पोर्ट आपोआप उघडणारी सोय) चालू केलं, तरी क्यूबिटटॉरेंट हा टॉरेंट क्लायंट 'फायरवॉल्ड', म्हणजे बाहेरून जोडणी येत नाही, असंच दाखवतोय? राउटरच्या स्टेटस पानावरचा वॅन आयपी (इंटरनेट कंपनीने राउटरला दिलेला पत्ता) बघा. पहिले दोन आकडे १००.६४ ते १००.१२७ यांच्यात असतील तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात, म्हणजे अनेक ग्राहकांना एकच पब्लिक आयपी वाटून देणाऱ्या कंपनीच्या व्यवस्थेमागे. तो पब्लिक आयपी कंपनीच्या यंत्रावर आहे; तुमच्या राउटरमधला नियम तिथवर पोचतच नाही. डाउनलोड होतं, कारण जोडणी आपणच बाहेर करतो. अडतं ते सीडिंग (उतरवलेली फाइल इतरांना देणं), आणि ज्यांचे एक-दोनच सीडर उरलेत अशा फाइली.

पैसे मोजण्याआधी आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत) मिळतंय का बघा. तिथे सहसा नॅट (एकाच पत्त्यामागे अनेक उपकरणं) नसतं, राउटरच्या फायरवॉलमध्ये एक पोर्ट मोकळा केला की झालं. मात्र पोचतील फक्त आयपीव्ही६वाले पीअर (टॉरेंटमधले इतर संगणक).

ते पुरत नसेल तर प्रोटॉनचं पोर्ट फॉरवर्डिंग: त्यांच्या सर्व्हरच्या पब्लिक आयपीवरचा एक पोर्ट व्हीपीएनमधून तुमच्याकडे वळवला जातो. ही सोय पैसे भरलेल्या प्लॅनवर आणि पीटूपी (टॉरेंटसाठीच्या) सर्व्हरवरच मिळते. विंडोज ॲपमध्ये ती चालू करून जोडलं की पोर्टचा आकडा दिसतो. तो क्यूबिटटॉरेंटच्या कनेक्शन टॅबमध्ये भरा, तिथलं यूपीएनपी बंद करा, आणि ॲडव्हान्स्डमध्ये नेटवर्क इंटरफेस व्हीपीएनचाच निवडा. हे शेवटचं राहिलं तर व्हीपीएन तुटताच टॉरेंट घरच्या आयपीवरून धावू शकतं. राउटरला हात लावायची गरजच नाही.

गोची पुढे आहे. पोर्ट आपल्या पसंतीचा मिळत नाही, आणि पुन्हा जोडलं की बदलू शकतो. क्लायंट जुन्याच पोर्टवर कान लावून बसतो, एररही येत नाही. अपलोड मात्र आटतो.

नॅसवर (घरच्या नेटवर्कमधलं फाइल साठवणारं यंत्र) ॲपऐवजी वायरगार्ड या व्हीपीएन पद्धतीची कॉन्फिग फाइल वापरणार असाल, तर ती बनवताना नॅट-पीएमपीचा (पोर्ट मागून घेण्याची पद्धत) पर्याय चालू करा. पोर्टची मुदत फक्त ६० सेकंद असते, म्हणून १०.२.०.१ या व्हीपीएनच्या गेटवेकडे दर ४५ सेकंदांनी नूतनीकरण मागणारी स्क्रिप्ट सतत चालू हवी. टीसीपी आणि यूडीपी दोन्हींसाठी मागा. टॉरेंटचं यूटीपी (डेटा पाठवण्याची पद्धत) आणि डीएचटी (पीअर शोधण्याची पद्धत) यूडीपीवरच चालतात, त्यामुळे नुसत्या टीसीपीने अर्धंच काम होतं.

रोज संगणक चालू-बंद करणाऱ्याला प्रोटॉन पुरेसं आहे. नॅस चोवीस तास चालवून विसरून जायचं असेल, तर राखून ठेवलेला पोर्ट कायम ठेवणारी एअरव्हीपीएन ही दुसरी व्हीपीएन सेवा बरी. जुन्या याद्या वाचून मलवाड व्हीपीएन घेऊ नका, त्यांनी ही सोय २०२३ मध्येच काढून टाकली.