शहापूरच्या रंगारीमामांकडून रंगवून घेतलेला जांभळा ड्रेस

मुलगी आठवीत आहे, पाच वर्षं झाली चार चाकांच्या स्केट्सवर सोलो डान्स करते. यंदाच्या स्पर्धेसाठी तिचा एकच हट्ट होता: ड्रेस बर्फावर स्केटिंगचा नाच करणाऱ्या जेन टॉर्व्हिलसारखा जांभळा पाहिजे, आणि सरसकट एक रंग नको, एका छटेतून दुसरी निघाली पाहिजे. १९८४ च्या साराजेव्हो ऑलिंपिकमधला तो नाच आम्ही मायलेकींनी इतक्यांदा बघितलाय, की त्यातल्या संगीताचा, राव्हेलच्या ‘बोलेरो’चा, पहिला ठोका पडला की माझा मशीनवरचा पाय आपोआप थांबतो.

मी शहापुरात ब्लाउज शिवते, त्यामुळे शिलाईची काळजी नव्हती. अडलं होतं रंगापाशी. बाजारातल्या एका दुकानातून ‘प्युअर सिल्क शिफॉन’ म्हणून चार मीटर आणलं आणि गल्लीतल्या रंगारीमामांकडे गेले. मामांनी काठाचा एक धागा उपसला आणि काडी लावली. धागा आकसला, टोकाला काळा टणक मणी झाला.

“वैनी, ह्ये रेशीम न्हवं, पॉलिस्टर हाय. रेशमाला केस जळल्यावानी वास येतोय, राख बोटानं चुरगळतीया. ह्याला माझा रंग धरायचा न्हाई.”

रंगाईचे पैसे घेऊन त्यांना गप्प बसता आलं असतं. दुकानदारानं फाडलेलं कापड परत घेतलं नाही, ते पैसे बुडाले. पण मामांनी धागा जाळून दाखवला नसता तर रंगाईचेही बुडाले असते.

दुसऱ्यांदा अस्सल रेशीम नेलं आणि दोन तास तिथंच स्टुलावर बसले. हंड्यात गरम पाणी, रंग, थोडं व्हिनेगर. घेर काठीला टाचून मामांनी एकदा सगळा बुडवला आणि लगेच चार बोटं वर घेतला. थोड्या वेळानं आणखी चार बोटं. हात सारखा हलता. तो थांबला की कापडावर पट्टा उठतो, म्हणून फोन वाजला तरी उचलला नाही. सगळ्यात जास्त वेळ रंगात राहिला तो खालचा काठ, पिकल्या जांभळासारखा. कमरेपाशी येईतो फिकट लव्हेंडर. कुठं रंग बदलला ते बोट ठेवून सांगता येत नाही.

कापडासाठी एवढी यातायात कशाला, असं घरचे म्हणाले. त्याचं उत्तर त्या नाचातच आहे. टॉर्व्हिलचा जोडीदार होता क्रिस्तोफर डीन. साराजेव्होत नाचाला मर्यादा होती ४ मिनिटं १० सेकंदांची, त्यांचं संगीत ४ मिनिटं २८ सेकंदांचं. घड्याळ सुरू व्हायचं ब्लेड बर्फाला टेकल्यावर, म्हणून पहिली १८ सेकंदं दोघं गुडघ्यांवरच. त्या १८ सेकंदांत पाय काहीच करत नाहीत. दिसतात ती अंगं डोलताना आणि त्यांच्याबरोबर हलणारं कापड. पुढे कलात्मकतेला नऊच्या नऊ पंचांनी ६.० दिले, म्हणजे पैकीच्या पैकी. कोर्टनी जोन्सनं केलेला तो पोशाख त्या नाचातून वेगळा काढताच येत नाही. माझी मुलगीसुद्धा सुरुवात गुडघ्यांवरूनच करते. घेर जमिनीवर पसरलेला असतो, ती वळून उठते तसा तो अर्धा क्षण मागे राहतो आणि मग तिच्यामागून येतो. पॉलिस्टर असा मागे राहिला नसता.

मणी, पिसं काही लावलं नाही. बर्फावर पोशाखातलं काही गळून पडलं तर एक गुण कापतात, ते माझ्या डोक्यात पक्कं आहे. आणि सिमेंटवर चाकाखाली मणी आला तर पोर आपटायचीच.

आता उणं काय ते. वरच्या चोळीची लायक्रा, म्हणजे ताणलं जाणारं कापड, त्याच हंड्यात घातली, पण तिनं रंग भराभर ओढला. चोळी घेरापेक्षा दोन छटा गडद झाली. लांबून कळत नाही, मला कळतं. सहा दिवसांचा वायदा होता, पावसामुळं अकरा लागले. तिसऱ्या सरावानंतर काखेत घामानं किंचित रंग सुटला, पांढरा रुमाल घासला तर जांभळा होतो. मामांना दाखवलं, तर स्वतःहून म्हणाले, पुन्हा गरम व्हिनेगरच्या पाण्यातून काढून देतो, पैसे नकोत.

रंगाईचे ९५० रुपये झाले. कुणाला जायचं असेल तर सकाळी जा, दुपारनंतर हंडे गार होतात. आणि कापड फाडून घ्यायच्या आधी चार धागे मागून घ्या, मामा जाळून बघतात.