ओबीडी स्कॅनर, सहा महिन्यांनंतर: ६४ अंश आणि गाडीत नसलेला काटा

ओबीडी स्कॅनर म्हणजे गाडीच्या सॉकेटला लावायचं छोटं खोकं, गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे ते मोबाईलवर दाखवतं. ते कुठे लावतात, कुठलं अ‍ॅप चालतं हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून लिहितेय. मी ८५० रुपयांना घेतलं. त्याआधी ३४९ रुपयांचं एक मागवलं होतं. ते मोबाईलला दिसायचं, पण गाडीच्या कॉम्प्युटरशी जोडलंच जायचं नाही. ईएलएम ३२७ (या यंत्रांतली चिप) म्हणून विकल्या जाणाऱ्या स्वस्त नकलांमध्ये हे होतं, म्हणून परत करायची सोय असेल तिथूनच घ्या.

गाडी २०१९ची पेट्रोल हॅचबॅक, बीएस-४, ८३ हजार किलोमीटर झालेली. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण माझी मुख्य तक्रार एका कंपनीपुरती नाहीच. एरवी गाडीला नाव ठेवायला जागा नाही. क्लच अजून मूळचा आहे, बॅटरी एकदा बदलली, टायर एकदा. नाशिकच्या इंदिरानगरहून सिन्नरजवळची माळेगाव एमआयडीसी, जाऊन-येऊन ५५ किलोमीटर, महिन्याचे पंचवीस दिवस. मी तिथे अकाउंट्सला आहे. प्रत्येक वेळी टाकी फुल करायची आणि लिटर, किलोमीटर, पैसे वहीत लिहायचे ही गाडी घेतल्यापासूनची सवय. सगळ्यात आधी बोलली ती ही वहीच.

गेल्या वर्षी एप्रिलपर्यंत अ‍ॅव्हरेज १९.२च्या आसपास होतं. मे संपता संपता १७.१. जूनमध्ये १६.९. पावसाळ्यात तेवढंच, आणि थंडी सुरू झाली तसं १६.४. रस्ता तोच, वेळ तीच, चालवणारी मीच.

ऑगस्टच्या सर्व्हिसिंगला सर्व्हिस सेंटरमध्ये वही घेऊनच गेले. अ‍ॅडव्हायझरने ती उघडलीसुद्धा नाही. "मॅडम, सगळ्यांचंच अ‍ॅव्हरेज पडलंय. पेट्रोलच तसं येतंय, ई-२०." मग म्हणाला, "गाडी तुम्ही चालवता की साहेब?" मी म्हटलं, गाडी माझी आहे, मीच चालवते. त्यावर इंजेक्टर क्लीनिंग आणि थ्रॉटल बॉडी क्लीनिंग लावून ३,२०० रुपये जास्तीचे घेतले. अ‍ॅव्हरेज ढिम्म हललं नाही.

ई-२०चं मला तेव्हा पटलं होतं, हे कबूल करते. कॉलनीत, ऑफिसात, घरातल्या लग्नकार्यात, जिथे तिथे तोच विषय होता. पण शांतपणे हिशेब मांडला तर तो बसत नाही. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक-तृतीयांशाने कमी, आणि आपल्या पेट्रोलमध्ये ते २० टक्के. पेट्रोलियम मंत्रालयानेच २०२५मध्ये सांगितलं की ई-१०साठी बनवून ई-२०ला जुळवून घेतलेल्या गाड्यांचं अ‍ॅव्हरेज १ ते २ टक्के आणि बाकीच्यांचं ३ ते ६ टक्के कमी होतं. माझं जवळजवळ १५ टक्के गेलं होतं, त्यातलं बहुतेक तर एका महिन्यात, कडा तुटल्यासारखं. मी हा हिशेब डिसेंबरात केला. ऑगस्टमध्ये करायला हवा होता.

डिसेंबरात ऑईल बघायला बॉनेट उघडलं तर ऑईल टाकायच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पिवळट पांढरा फेस जमलेला, ताकावर लोणी येतं तसा. बोटाने पुसला, चार दिवसांनी परत. पुन्हा सर्व्हिस सेंटर. "थंडीत होतं मॅडम." आणि अ‍ॅव्हरेजसाठी आता ऑक्सिजन सेन्सर बदलून बघू म्हणे, ८,२०० रुपये. 'बदलून बघू' हा शब्द माझ्या डोक्यात गेला. माझ्या पैशांनी बघायचं, आणि नाहीच निघालं तर सेन्सर परत घेणार का? त्याच रात्री स्कॅनर मागवला.

पहिल्या दिवशी घोर निराशा. गाडीने नोंदवलेले दोषांचे कोड वाचले, शून्य. चेक इंजिनची लाईट तर कधी लागलीच नव्हती. मला वाटलं होतं यंत्र लावलं की रोगाचं नाव समोर येईल. दुसऱ्या दिवशी नुसतं कुतूहल म्हणून लाइव्ह डेटा, म्हणजे सेन्सरचे त्या क्षणाचे आकडे, चालू ठेवून कामाला निघाले. मोबाईल स्टँडवर, पडद्यावर एकच आकडा, कुलंटचं, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचं, तापमान. बिटको चौकाच्या सिग्नलला ७१. मोकळा रस्ता लागला, वेग ऐंशीला नेला, तर आकडा वर जायच्या ऐवजी खाली उतरायला लागला. शिंदे टोलनाक्यापाशी ६४. मोहदरी घाटाच्या चढाला ६८, आणि घाट संपून सपाटी आली की परत ६४. पाऊण तास चाललेलं इंजिन आणि ६४ अंश! ते ८५ ते ९५च्या दरम्यान असायला हवं.

इथे मला जे सांगायचंय ते सांगून घेते. माझ्या गाडीत तापमानाचा काटा नाही. इंजिन थंड असताना निळा दिवा, जास्त तापलं की लाल दिवा, आणि मधल्या सगळ्या पट्ट्यात काळोख. आजच्या कितीतरी छोट्या गाड्यांत हेच आहे. टचस्क्रीन आहे, रिव्हर्स कॅमेरा आहे, दार उघडं राहिलं तर चित्र काढून दाखवतात, पण इंजिनचा ताप सांगणारा काटा नाही. सेन्सर गाडीत बसवलेलाच आहे, कॉम्प्युटर क्षणाक्षणाला तो वाचतोय, ८५० रुपयांचं खोकं तो आकडा मला दाखवू शकतं. मग डॅशबोर्डवर दाखवायला काय अडतं? घरात कुणाला ताप आला तर आपण थर्मामीटर लावतो, रोगी बेशुद्ध पडायची वाट बघत नाही. काटा असता तर जूनच्या पहिल्या आठवड्यातच कळलं असतं की तो अर्ध्यावर येतच नाही. आणि त्याआधी मे महिन्यात कसारा घाटात जे झालं (ते पुढे सांगते) तेही टळलं असतं. नवी गाडी बघायला जाणाऱ्या प्रत्येकाला मी आता सनरूफ सोड, काटा आहे का ते आधी बघ, असं सांगते.

संध्याकाळी अण्णांना, म्हणजे सासऱ्यांना, आकडे दाखवले. ते मायकोतून निवृत्त झालेत. कंपनीचं नाव २००८ साली बॉश झालं, तरी नाशकात मायको सर्कल अजून मायको सर्कलच आहे आणि अण्णाही मायकोतलेच. म्हणाले, "अगं, कॉम्प्युटर राहू दे. उद्या सकाळी गाडी गार असताना हात लावून बघू."

सकाळी साडेसहाला बॉनेट उघडलं. त्यांनी मला रेडिएटरला जाणाऱ्या वरच्या होज पाईपवर हात ठेवायला लावला आणि गाडी चालू केली. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, ठीक असेल तर तो पाईप कितीतरी वेळ गार राहतो. इंजिन तापलं की झडप उघडते आणि पाईप एकदम चटका बसण्याइतका गरम होतो. माझ्या हाताखाली तो दुसऱ्याच मिनिटाला कोमट व्हायला लागला. सावकाश, आंघोळीचं पाणी तापतं तसा. अण्णा म्हणाले, "झडप उघडी अडकलीय, नाहीतर आहेच कुठे."

सिडकोतल्या ओळखीच्या मेकॅनिकने हाऊसिंगचे दोन बोल्ट काढले. आत फक्त रबरी सील. थर्मोस्टॅट नव्हताच!

मग मे महिना आठवला. ठाण्याहून परत येताना कसारा घाटात ऐन दुपारी लाल दिवा लागला होता. खालचा होज पाईप फुटलेला. गाडी ओढून घाटावरच्या एका गॅरेजात नेली, त्यांनी पाईप बदलला, कुलंट भरलं, १,६०० रुपये घेतले. "आता काही गरम होणार नाही ताई," असंही म्हणाले होते. त्या वाक्याचा अर्थ सात महिन्यांनी कळला. थर्मोस्टॅट काढून फेकून दिला की पाणी सतत रेडिएटरमधून फिरत राहतं आणि गाडी लवकर तापत नाही. आपल्याकडे ही जुनीच रीत आहे, 'आपल्या हवेत हवाय कशाला' म्हणून. त्या माणसाचा हेतू वाईट होता असं मी म्हणणार नाही. उन्हात, ट्रकांच्या गर्दीत त्याने मला तासाभरात मार्गी लावलं. पण न सांगता काढला, हे चूकच. कार्ब्युरेटरच्या गाडीला जे चाललं ते आजच्या गाडीला चालत नाही. इंजिन गार आहे असं कॉम्प्युटरला दिसलं की तो पेट्रोल जास्त सोडतो. ऑईल घट्ट राहतं, आणि ज्वलनातून त्यात उतरणारी वाफ उडून जात नाही. झाकणाखालचा तो फेस म्हणजे तेच पाणी.

त्या गॅरेजापेक्षा माझा राग सर्व्हिस सेंटरवर आहे. दोन वेळा गाडी त्यांच्याकडे होती. त्यांच्याकडचा स्कॅनर माझ्यापेक्षा कितीतरी भारी. एका माणसाने गाडी पाच किलोमीटर फिरवून एक आकडा बघितला असता तर काम झालं होतं. कोड नाही म्हणजे दोष नाही, असं त्यांनी धरलं.

नवा थर्मोस्टॅट ७८०, कुलंट ७००, मजुरी ५००. मेकॅनिक नळाचं पाणी घालायला निघाला होता, त्याला थांबवलं. आमच्याकडे बोअरचं पाणी येतं, बादलीला पांढरा थर बसतो. तोच थर रेडिएटरमध्ये नको. तयार मिसळलेलं कुलंटच घातलं.

बसवायच्या आधी अण्णांनी तो थर्मोस्टॅट घरी आणला. सासूबाईंकडून जुनं पातेलं मागून घेतलं, पाणी गॅसवर ठेवलं, थर्मोस्टॅट दोऱ्याने टांगला आणि शेजारी दह्याच्या दुधासाठी वापरतो तो थर्मामीटर. थर्मोस्टॅटवर ८२ कोरलेलं होतं. ऐंशीपर्यंत काही नाही. त्र्याऐंशीला पितळेच्या तबकडीच्या कडेला केसाएवढी फट दिसली, मग ती फट नखाएवढी झाली, आणि नव्वदच्या पुढे झडप पूर्ण खाली. गॅस बंद केल्यावर तशीच हळूहळू मिटली. आत मेण असतं, ते वितळून फुगतं आणि दांडा ढकलतं. ना वायर, ना वीज. दहावीत शिकणारी माझी मुलगी क्लासला जायचं सोडून तिथेच उभी राहिली होती.

दुसऱ्या दिवशी शिंदे टोलनाक्याला ८८. परतीला ८८. पुढच्या तीन टाक्यांची सरासरी १८.१. जुनं १९.२ परत आलं नाही. उरलेला फरक आता मी पेट्रोलचा मानते, आणि तो मंत्रालयाने सांगितलेल्या ३ ते ६ टक्क्यांत बसतो. महिन्याला आठ लिटर वाचतात, शंभराच्या वरच्या भावाने आठशेहून जास्त रुपये. झाकणाखालचा फेस ऑईल बदलल्यानंतर आला नाही.

आता यंत्राबद्दल. जानेवारीत मला विचारलं असतं तर मी प्रत्येकाला घ्यायला लावलं असतं. आज जरा थांबून सांगेन. कॉलनीतल्या सहा-सात गाड्यांना लावून झालं. शेजारच्या काकांच्या गाडीत पी०१७१ आला, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय. मी तो कोड पुसून दिला, लाईट गेली, काका खूश. तिसऱ्या दिवशी लाईट परत. दोष हवेच्या एका तडकलेल्या नळीत होता. कोड लक्षण सांगतो, कुठला पार्ट गेला ते सांगत नाही, आणि तपासायच्या आधी मी तो पुसायला नको होता. काकांना तसं जाऊन सांगितलं. खरी किंमत लाइव्ह डेटाची: कुलंटचं तापमान, फ्युएल ट्रिम (कॉम्प्युटर पेट्रोल किती कमी-जास्त करतोय ते), बॅटरीचे व्होल्ट. आणि गाडी चांगली असताना आकडे काय असतात ते लिहून ठेवा, नाहीतर बिघडल्यावर तुलना कशाशी करणार?

दोन दोष. सॉकेट माझ्या गाडीत बॉनेटच्या खटक्याशेजारी आहे, क्लच दाबताना गुडघा यंत्राला लागतो. आणि ते लावून ठेवलं की गाडी बंद असतानाही थोडी वीज खातं. फेब्रुवारीत आम्ही नऊ दिवस गावाला होतो, यंत्र तसंच राहिलं. आल्यावर सेल्फ फिरेना, बॅटरी ११.६ व्होल्टवर. आता उतरताना काढून ग्लोव्ह बॉक्समध्ये टाकते.

या मे महिन्यात पुन्हा ठाण्याला गेलो होतो. येताना कसारा घाट मुद्दाम दुपारी चढलो, एसी चालू, पुढे कंटेनरची रांग. अण्णा शेजारी मोबाईल धरून आकडा वाचत होते. नव्वद. त्र्याण्णव. रांग थांबली तेव्हा सत्त्याण्णव, पंखा लागल्याचा आवाज आला, आणि परत ब्याण्णव. मागच्या वर्षी जिथे थांबलो होतो ते वळण गेलं. इगतपुरीला चहाला थांबल्यावर बॉनेट उघडून कुलंटची बाटली बघितली. रेघेवर होती.