५० एमएमची लेन्स, दोन पोरं आणि आठ महिने

थोरलीच्या पहिल्या वाढदिवसाला एका स्टुडिओत गेलो होतो. टोपलीत बसवली, डोक्याला फुलांचा पट्टा, समोर एक दादा खुळखुळा वाजवतोय आणि मागून आम्ही दोघं "इकडं बघ, इकडं बघ". वीस मिनिटं पोरगी रडली. फोटो गोड आलाय, पण त्यातली पोरगी आमची वाटत नाही. धाकटा झाल्यावर ठरवलं, घरातच काढायचे आणि 'हस' म्हणायचं नाही.

नवऱ्याचा क्रॉप सेन्सरचा (म्हणजे लहान सेन्सरचा, त्यात चौकट आणखी अरुंद होते) जुना कॅमेरा कपाटात पडून होता. त्याला ५० एमएम, एफ १.८ ची (एफचा आकडा लहान तितकं लेन्सचं तोंड मोठं उघडतं) वापरलेली लेन्स साडेपाच हजारांना घेतली.

आधी तक्रारी. सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या दहा बाय बारा फुटांच्या खोलीत ही लेन्स अडचणीची. भिंतीला पाठ टेकवून तीन मीटरवरून बघितलं तरी आडव्या चौकटीत जेमतेम १.४ मीटर रुंदी मावते. आजी-नातू बसतात, घरदार नाही. गौरी जेवायच्या दिवशी चौदा माणसं होती, गप मोबाइल काढला.

दुसरं दुखणं ट्यूबलाइटचं. शटर १/५०० सेकंदावर ठेवलं की एका फोटोत पोरगं पिवळट, पुढच्यात बरं, मध्येच आडवे पट्टे. महिनाभर मला वाटत होतं, कॅमेराच बिघडलाय. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून जुनी ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होते. शटर त्याहून जलद गेलं की त्यातला एखादाच तुकडा हाती लागतो. आता रात्री १/१००. पळणारं पोरगं हलतं त्यात, हलू दे. दिवसा खिडकीपाशी १/५००, ऑटो आयएसओ (उजेड कमी तशी कॅमेऱ्याची संवेदनशीलता आपोआप वाढते) ३२०० पर्यंत. आणि एफ १.८ च्या मोहात पडू नका. जवळून एक डोळा स्पष्ट येतो, दुसरा धूसर. मी २.८ वर आले तेव्हा निम्मे फोटो वाचले.

पहिले पंधरा दिवस काहीच जमलं नाही. कॅमेरा दिसला की थोरली दात काढून दोन बोटं वर करायची. मग तो फ्रीजवरच ठेवायला लागले, येताजाता उचलायचा, कधी नुसताच. तिसऱ्या आठवड्यात पोरांनी माझ्याकडं बघायचं सोडलं. एकदा सासूबाई परातीत भडंग कालवत होत्या, धाकटा शेजारी बसून शेंगदाणे वेचत होता. तिखट लागलं, तर गड्यानं जीभ बाहेर काढून सरळ आजीच्या पदराला पुसली. मी फरशीवर पालथी. आई ओरडल्या, "अगं, तोंड तरी धुऊ दे की त्याचं!" तोच फोटो आता त्यांच्या कॉटशेजारी आहे.

बाहेर मात्र ही लेन्स राणी. हरिपूरच्या संगमावर साडेचारनंतर जायचं, पोरांना खडे गोळा करायचं काम लावायचं आणि आपण दहा-बारा पावलं लांब बसायचं. दुपारच्या उन्हात डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात, तेव्हा नको.

आठ महिन्यांत सहा हजारांच्या आसपास क्लिक केले, ठेवले दोनशे दहा. बाकीचे पुसताना जीव जातो, पण पुसते.

लेन्स विकणार नाही. खोलीसाठी ३५ एमएम बघतेय, तेवढ्याच अंतरावरून दोन मीटर रुंदी मिळते. सांगली-मिरजेत कुणाकडं वापरलेली असेल तर सांगा. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेल घालून ठेवलेली हवी, बुरशीवाली नको.