आठ पानं, दोन रंग, जाहिरात एकही नाही: ‘ल कानार आंशेने’ या फ्रेंच साप्ताहिकाचं परीक्षण

फ्रेंच बी-टू या वरच्या-मध्यम पातळीच्या पुढं गेली असेल आणि एकाच नियतकालिकाची वर्गणी भरायची असेल, तर ती ‘ल कानार आंशेने’ची भरावी. दर बुधवारी निघणारा हा आठ मोठ्या पानांचा अंक आहे. छपाई काळ्या आणि लाल अशा दोनच रंगांत. फोटोंची जागा व्यंगचित्रांनी घेतलेली. जाहिरात एकही नाही. पहिल्या पानावर नावाच्या दोन्ही बाजूंना बदकं आणि त्यांच्याजवळच्या चौकटींत दर आठवड्याला नवी शाब्दिक कोटी. अंक कळतो आहे की नाही, हे तपासायला त्या दोन चौकटी पुरेशा आहेत.

नावाचा अर्थ ‘साखळदंडातलं बदक’. फ्रेंच बोलीत ‘कानार’ म्हणजे बदक, आणि वर्तमानपत्र, आणि उठवलेली अफवासुद्धा. फ्रेंच राजकारणी क्लेमांसो यांच्या ‘स्वतंत्र माणूस’ अशा नावाच्या वर्तमानपत्राला पहिल्या महायुद्धात सेन्सॉरनं छळलं, तेव्हा त्यांनी नाव बदलून ‘साखळदंडातला माणूस’ असं केलं. त्याच नावावर कोटी करत मोरिस मारेशाल यांनी १० सप्टेंबर १९१५ रोजी हे साप्ताहिक काढलं. पाच अंकांनंतर ते बंद पडलं आणि जुलै १९१६ मध्ये पुन्हा सुरू झालं. लिहिण्याची रीत तेव्हाच ठरली. सेन्सॉरची कात्री चुकवायची म्हणून उलट अर्थानं लिहायचं, ज्याला झोडायचं त्याची तोंडभरून स्तुती करायची, आणि खंदकातल्या सैनिकानं ती बरोबर ओळखायची. १९१७ मध्ये वाचकांचा कौल घेऊन युद्धाचा खोटा उन्माद पसरवणाऱ्यांचा ‘सरदार’ही निवडला गेला. पत्रकार ग्युस्ताव एर्वे पहिले आले, लेखक मोरिस बारेस दुसरे. जून १९४० मध्ये जर्मन पॅरिसच्या वेशीवर आल्यावर अंक थांबला, तो थेट सप्टेंबर १९४४ मध्ये निघाला. जर्मनांच्या परवानगीनं छापण्यापेक्षा चार वर्षं गप्प बसणं पत्करलेल्या साप्ताहिकाचा शब्द म्हणूनच वजनदार आहे.

ही पार्श्वभूमी एवढ्यासाठी की अंकातला विनोद वरवर हलका वाटतो, पण त्याच्या मागची व्यवस्था फार कडक आहे. जाहिरात घेत नाहीत, त्यामुळं उत्पन्न विक्रीचं आणि वर्गणीचं. शेअर्स तिथं काम करणाऱ्यांकडेच राहतात, बाहेरच्या उद्योगपतीला विकत घ्यायला काही उरत नाही. पत्रकारांनी सरकारी मानसन्मान घ्यायचे नाहीत, शेअर बाजारात खेळायचं नाही, भेटवस्तू स्वीकारायच्या नाहीत. पिएर सीझ यांनी ‘लेजिओं द’ऑनर’ हा सन्मान स्वीकारला म्हणून १९३३ मध्ये त्यांना जावं लागलं. ८ फ्रँक, म्हणजे पुढं १.२० युरो, ही किंमत १९९१ पासून कित्येक वर्षं तशीच होती. आता ती वाढली आहे, तरी अंक स्वस्तच म्हणायचा.

आता मालाकडे जवळून पाहू. २७ सप्टेंबर १९८९ चा अंक घ्या. प्युजोचे कामगार पगारवाढीसाठी संपावर होते. कानारनं मथळा दिला, त्याचा भावार्थ असा: काल्व्हे यांनी आपल्या पगाराला टर्बो बसवला. झाक काल्व्हे हे प्युजोचे प्रमुख. मोटार कंपनीच्या साहेबाला टर्बो ही कोटी वाचून वाचक हसतो, आणि लगेच खाली त्यांच्या प्राप्तिकराच्या नोटिशींचे छापील उतारे दिसतात. दोन वर्षांत साहेबांचा पगार ४५.९ टक्क्यांनी वाढला होता, कामगारांचा ६.७ टक्क्यांनी. हसू तिथंच थांबतं आणि आकडे डोक्यात बसतात.

त्या कागदांनीच पुढं खटला ओढवला. आकडे खोटे आहेत असं कुणी म्हणालं नाही. करखात्याच्या फायलीतल्या गोपनीय कागदांच्या झेरॉक्स जवळ बाळगल्याचा ठपका आला, आणि १९९३ मध्ये पॅरिसच्या अपील न्यायालयानं प्रकाशन-संचालक फ्रेसोझ यांना १०,००० आणि पत्रकार रोआर यांना ५,००० फ्रँक दंड केला. प्रकरण स्ट्रासबुर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयात गेलं. २१ जानेवारी १९९९ रोजी त्या न्यायालयानं एकमतानं सांगितलं की हा दंड अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग आहे. माणसाचं करपात्र उत्पन्न त्याच्या गावातल्या करदात्यांना यादीत पाहता येतच होतं, म्हणजे माहिती गुप्त नव्हती, आणि ती खरी आहे हे दाखवायला कागद छापण्याचा हक्क पत्रकाराला आहे. विनोदी साप्ताहिकानं लढलेल्या या खटल्याचा आधार पुढं युरोपातल्या गंभीर वर्तमानपत्रांनाही मिळाला.

कागद आधी आणि कोटी नंतर, हा क्रम फ्रेंच कायद्यातही दडलेला आहे. २९ जुलै १८८१ च्या वृत्तपत्र कायद्यानुसार अब्रुनुकसानीचा दावा छापल्यापासून तीन महिन्यांत लावावा लागतो, ही संपादकाची सोय. पण लिहिलं ते खरं होतं असा बचाव घ्यायचा तर समन्स मिळाल्यापासून दहा दिवसांत पुरावे आणि साक्षीदारांची नावं कळवावी लागतात, ही त्याची कसोटी. दहा दिवसांत पुरावा गोळा होत नाही. तो अंक छापखान्यात जाण्याआधी कपाटात लागतो. खासगी व्यक्तीच्या बदनामीला तिथं १२,००० युरोपर्यंत दंड आहे, कैद नाही. आपल्याकडे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये दोन वर्षांपर्यंत साधी कैद अजून आहे. हा फरक लहान नाही. तुरुंगाच्या भीतीनं किती व्यंगचित्रं कागदावर उतरतच नाहीत, ते मोजता येत नाही.

१८८१ हेच ‘केसरी’च्या जन्माचं साल. पुढच्याच वर्षी कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे यांच्या बदनामीबद्दल टिळक-आगरकरांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. त्यांच्या हेतूबद्दल शंका नव्हती, पण ज्या पत्रांवर भिस्त ठेवली ती बनावट निघाली. कानार वाचताना ही आठवण मराठी वाचकाला होतेच.

व्यंगाच्या बाबतीत फ्रेंच न्यायालयं ‘त्या प्रकाराचे नियम’ अशी मोकळीक देतात. अतिशयोक्ती चालते, अपमानकारक उपमा चालते, फक्त वाचकाला ही थट्टा आहे हे कळलं पाहिजे. राष्ट्राध्यक्षाचा अपमान हा गुन्हा मात्र १८८१ च्या कायद्यात तब्बल २०१३ पर्यंत होता. सार्कोझींचेच उद्गार फलकावर लिहून त्यांच्यासमोर धरणाऱ्या एका नागरिकाला ३० युरो दंड झाला, तोही स्थगित. स्ट्रासबुर्गनं तेवढाही चुकीचा ठरवला आणि त्याच वर्षी ते कलम गेलं.

अंकाच्या कोट्यांचा आणखी एक नमुना. डिसेंबर १९७३ मध्ये साप्ताहिकाच्या नव्या कार्यालयाचं काम चालू असताना रात्री तिथं दिवे दिसले म्हणून व्यंगचित्रकार आंद्रे एस्कारो वर गेले, तर प्लंबरच्या वेषातली माणसं सापडली. ते सरकारी गुप्तचर होते आणि भिंतीत मायक्रोफोन बसवत होते. मथळ्यात शब्द आला ‘वॉटरगाफ’. अमेरिकेत वॉटरगेट गाजत होतं, आणि फ्रेंचमध्ये ‘गाफ’ म्हणजे घोडचूक. एका शब्दात गृहमंत्र्यांचं सगळं खातं उघडं पडलं. न्यायालयात कुणाला शिक्षा झाली नाही, पण तो शब्द आजही फ्रान्समध्ये लोकांच्या तोंडी आहे.

उणिवाही आहेत. बराचसा मजकूर नाव न सांगणाऱ्या माहीतगारांवर उभा असतो, आणि वाचकाला तो पारखता येत नाही. मंत्र्यांची टोपणनावं, खात्यांची लघुरूपं, आधीच्या अंकातल्या थट्टेचा पुढचा भाग, यांत नवखा वाचक हरवतो. शब्दांतले ध्वनी अदलाबदल करून अश्लील अर्थ काढण्याचा ‘काउंटेसच्या वहीतून’ हा स्तंभ परक्या भाषिकानं पहिलं वर्षभर सोडूनच द्यावा. २०२२ मध्ये घरातलीच तक्रार आली. एका चित्रकाराच्या जोडीदाराला काम नसताना पगार दिल्याचा आरोप झाला, आणि २०२४ मध्ये न्यायालयानं आरोपींना निर्दोष ठरवलं. दुसऱ्यांच्या घरातले असेच पगार या साप्ताहिकानंच जानेवारी २०१७ मध्ये उघडे केले होते आणि त्यात फ्रांस्वा फियाँ यांची राष्ट्राध्यक्षपदाची वाट अडली होती. म्हणून हा आरोप जास्त बोचला.

एक प्रकरण मात्र उणीव म्हणावी की धैर्य, हे प्रत्येकानं स्वतः ठरवावं. फेब्रुवारी १९९३ मध्ये कानारनं पंतप्रधान बेरेगोव्हुआ यांनी एका धनिक मित्राकडून घेतलेल्या दहा लाख फ्रँकच्या बिनव्याजी कर्जाची बातमी दिली. बातमी खरी होती आणि ती छापणं योग्यच होतं. त्यांचा पक्ष निवडणूक हरल्यावर १ मे रोजी त्यांनी आत्महत्या केली. पैशाचे व्यवहार छापायचे, पण राजकारण्यांच्या शयनगृहात जायचं नाही, हा नियम हे साप्ताहिक पूर्वीपासून पाळत आलं आहे, आणि तो त्यानं कधीही सोडू नये असं हे प्रकरण वाचताना तीव्रतेनं वाटतं.

मिळवायचं कसं? मार्च २०२० च्या टाळेबंदीत पहिल्यांदा संपूर्ण अंक डिजिटल स्वरूपात दिला गेला, आणि आता वर्गणी भरून तो भारतातही वाचता येतो. कागदी अंक टपालानं येईपर्यंत त्यातलं ताजेपण निघून जातं. वाचायला बसताना त्याच आठवड्यातलं एखादं साधं फ्रेंच दैनिक शेजारी उघडं ठेवावं. आधी फक्त व्यंगचित्रं आणि त्यांच्या खालच्या ओळी. मग दुसऱ्या पानावरचं ‘बदकांचं डबकं’, कारण त्यात राजकारणातल्या कुजबुजी छोट्या छोट्या परिच्छेदांत असतात आणि एक अडला तरी पुढचा वाचता येतो. मग आतल्या पानांवरची एकच शोधबातमी, आकडे कागदावर उतरवून घेत. पहिल्या पानावरचा मथळा सर्वांत शेवटी, कारण त्यातली कोटी बाकीचा अंक वाचल्यावरच उलगडते.

मथळ्याजवळचं ब्रीदवाक्यही तेव्हाच नीट लागतं. वृत्तपत्रस्वातंत्र्य झिजतं ते फक्त न वापरल्यानं, असं ते आहे. मूळ वाक्य बॅटरीच्या जाहिरातीतलं होतं: आमची बॅटरी झिजते ती फक्त वापरल्यावरच.