छोटी मोटरबोट चालवण्याचा कोर्स: सात महिन्यांनंतर, मुख्यतः एका लाल दोरीबद्दल

ऑक्टोबरात गोव्यातच तीन दिवसांचा पॉवरबोटचा कोर्स केला. संस्थेचं नाव लिहीत नाही. तेव्हा सगळ्यांना सांगत होतो, पैसे वाया गेले. एका बोटीत पाच जण, दिवसाला जेमतेम पाऊण तास सुकाणू हाती, आणि सर्टिफिकेटसाठी जानेवारीपर्यंत फोन. ही तक्रार आजही आहे.

बाकीचं मत मार्चमध्ये बदललं. सासऱ्यांची १६ फुटी फायबरची होडी, मागे २५ हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड, म्हणजे बाहेर टांगलेलं इंजिन. कुंभारजुवेच्या कालव्यात मी आणि मेव्हणा. समोरून गेलेल्या बोटीची लाट तिरकी लागली आणि मी थेट पाण्यात. त्या कालव्यात मगरी आहेत हे बाणस्तारीतल्या पोरांनाही ठाऊक आहे, पण तेव्हा डोक्यात फक्त इंजिनाचा पाण्यात फिरणारा पंखा होता. इंजिन मात्र गप्प झालं होतं. पायाला अडकवलेली लाल दोरी माझ्याबरोबर आली, तिच्या दुसऱ्या टोकाची, किल स्विचमधली (इंजिन तोडणाऱ्या बटणातली) क्लिप निघाली, इंजिन बंद. कोर्सच्या सरांनी पहिला अख्खा तास या दोरीवर घालवला होता: मनगटाला नको, गुडघ्याच्या वर गुंडाळा. मी तेव्हा घड्याळ बघत होतो. सर, माझं चुकलं.

आता खरा राग. क्लिप माझ्या पायाला आणि मेव्हणा स्टार्टरची दोरी ओढून ओढून दमतोय. क्लिपशिवाय ते इंजिन सुरू होणारच नव्हतं! ओहोटी दोघांनाही सारखीच नेत होती, पण वारा होडीला जास्त लागतो, ती खारफुटीकडे सरकायला लागली. शेवटी वल्ह्याने त्याने ती माझ्यापर्यंत आणली. होडीत एक जादा क्लिप ठेवावी, एवढं एक वाक्य तीन दिवसांत कुणी बोललं नाही. संस्थेला फोन केला तर म्हणाले, कोर्सच्या पुस्तिकेत असेल. दोनदा वाचली, नाही. पणजीत पाचशे रुपयांत मिळाली, आता ती मेव्हण्याच्या हाताला येईल अशी होडीत बांधलेली असते. शिवाय धक्का सोडण्याआधी रोज क्लिप ओढून इंजिन बंद पडतं का ते बघतो, कारण खाऱ्या पाण्याने स्विच अडकतो.

बाकीचं शिकवणं मात्र चोख. धक्क्याला नेहमी प्रवाहाच्या तोंडाने, शेवटचा टप्पा न्यूट्रलवर. माणूस पाण्यात पडला तर सुकाणू असं फिरवायचं की पंखा त्याच्यापासून दूर जाईल, आणि त्याला वर घेताना इंजिन पूर्ण बंद. एप्रिलमध्ये रायबंदरला इंजिनातून बाहेर पडणारी पाण्याची पिचकारी बारीक झाली. ती थंडाव्याच्या पाण्याची खूण, हे शिकलो होतो म्हणून लगेच थांबलो. पाणी ओढायच्या जाळीवर प्लॅस्टिकची पिशवी बसली होती. इंजिन वाचलं. तेवढ्यात कोर्सची फी वसूल झाली, हेही मान्य.

पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी वाळूचा दांडा धोक्याचा, त्यामुळे जूनपासून होडी शेडमध्ये. ऑक्टोबरात मेव्हण्याला त्याच कोर्सला पाठवतोय, फी मी भरणार. जादा क्लिपचं त्यांनी शिकवायला घेतलं की नाही, ते तो पहिल्या दिवशी विचारून येईल.