मेरी लिंकन की ज्युलिया ग्रँट: एकपात्रीसाठी कोण?

एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकी राष्ट्राध्यक्षाच्या बायकोवर एकपात्री बसवायचं मनात असेल, तर माझ्या मते शेवटी दोनच नावं उरतात. मेरी लिंकन (व्हाइट हाउसमध्ये १८६१ ते १८६५) आणि ज्युलिया ग्रँट (१८६९ ते १८७७). दोघी गुलाम बाळगणाऱ्या सधन घरातल्या, दोघींना चार-चार मुलं, दोघींचे नवरे यादवी युद्धात (गुलामी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेविरुद्ध) उत्तरेचे: लिंकन राष्ट्राध्यक्ष, ग्रँट सेनापती. काम बिनपगारी: पाहुण्यांची सरबराई करायची आणि वर्तमानपत्रांचे टोमणे गिळायचे.

पहिला हात मेरीवरच पडतो. कळकट झालेल्या व्हाइट हाउसच्या डागडुजीसाठी काँग्रेसने (अमेरिकी संसदेने) चार वर्षांचे म्हणून २०,००० डॉलर दिले. बाईंनी ते वर्षाच्या आत संपवून वर उधारी करून ठेवली. सैनिकांना पांघरुणं मिळत नाहीत आणि इथे पडदे-गालिचे, म्हणून लिंकन भडकले. सावत्र भाऊ दक्षिणेकडून लढत होते, त्यामुळे बाईच फितूर असल्याची कुजबुज. फेब्रुवारी १८६२मध्ये अकरा वर्षांचा विली टायफॉइडने गेला आणि मृतात्म्यांशी बोलण्याच्या बैठका सुरू झाल्या. १४ एप्रिल १८६५ला नाटक बघताना नवऱ्याला शेजारीच गोळी लागली. पुढे देणी फेडायला जुने कपडे न्यूयॉर्कमध्ये विकायला काढले. पेन्शन मिळाली ती १८७०मध्ये, वर्षाला ३,००० डॉलर. १८७५मध्ये तर पोटच्या मुलानेच कोर्टात जाऊन तिला वेडी ठरवलं.

नाट्य भरपूर आहे, आणि तोच धोका आहे. एकामागून एक आघात दाखवत गेलं की मध्यंतरानंतर नुसता आक्रोश उरतो. विलीच्या शोकात बुडण्याआधीची फ्रेंच येणारी, राजकारण कळणारी, जिभेला धार असलेली मेरी सापडली तरच हात घाला.

ज्युलिया कागदावर फिकी वाटते. डोळ्यांत तिरळेपणा होता, म्हणून फोटो बहुतेक एका बाजूने काढलेले. व्हाइट हाउसची आठ वर्षं तिला मनापासून आवडली. १८७४मध्ये लेकीचं, नेलीचं, लग्न तिथेच लावलं. नवऱ्याने तिसऱ्यांदा उभं न राहण्याचं पत्र तिला न सांगता पाठवून दिलं, तेव्हा ती चिडली. हा प्रसंग रंगमंचावर हमखास हशा घेईल. मग जगप्रवास, फेब्रुवारी १८७९मध्ये हे जोडपं मुंबईत मलबार पॉइंटला मुक्कामाला होतं, हे आपल्या प्रेक्षकाला सांगायला विसरू नका. १८८४मध्ये पैसे बुडाले, पुढच्याच वर्षी नवरा कर्करोगाने गेला. मात्र त्याने मरता मरता लिहून पुऱ्या केलेल्या आठवणींनी तिला लाखो डॉलर मिळवून दिले. मेरीच्या नशिबी हे नव्हतं.

लिंकनना गोळी लागली त्या एप्रिलच्या रात्री नाटकाचं आमंत्रण ग्रँटनाही होतं. ज्युलियाला मुलांकडे जायचं होतं, म्हणून ते गेले नाहीत. महिनाभरापूर्वीच सैन्याच्या तळावर मेरीने चारचौघांत केलेला तमाशा तिने पाहिला होता. आमंत्रण नाकारताना तो मनात नसेल असं मला तरी वाटत नाही.

माझं मत ज्युलियाला. तिने स्वतःच्या आठवणी लिहिल्या (छापल्या गेल्या थेट १९७५मध्ये), म्हणजे संहितेला तिचाच आवाज मिळतो. आणि त्या समाधानी आवाजात एक फट आहे. युद्धाच्या काळात उत्तरेच्या सेनापतीची ही बायको ज्यूल नावाच्या गुलाम मुलीला बरोबर घेऊन फिरत होती. मिझुरीला (तिथे तेव्हा गुलामी चालू होती) परत गेलो तर स्वातंत्र्य जाईल या भीतीने ज्यूल वाटेतच निघून गेली असावी, असं ज्युलिया लिहिते आणि दोन-चार वाक्यांत पुढे सरकते. नटीने तिथे थांबायचं.

मेरीच करायची असेल, तर ती एलिझाबेथ केकलीच्या तोंडून सांगा. केकली तिची शिंपीण, पैसे भरून गुलामीतून सुटलेली. तिने १८६८मध्ये आठवणी छापल्या आणि मेरीने तिच्याशी संबंध तोडले.